फक्त सही बाकी आहे

फाइल सिस्टिम या विषयावर आपण होऊन बोलणारा माणूस लग्नाच्या पंगतीत सापडत नाही. सापडलाच तर त्याच्या दोन्ही बाजूंची पानं रिकामी असतात. लोक फोनच्या कॅमेऱ्यावर तावातावाने बोलतात, अँड्रॉइड चांगला की आयफोन यावरून सख्खे भाऊ अबोला धरतात. पण आपण साठवलेला मजकूर डिस्कवर नेमका कुठं पडलाय आणि कुणाच्या भरवशावर पडलाय, ही चौकशी माणूस आयुष्यात साधारण एकदाच करतो. त्या वेळी समोर दुरुस्तीवाला बसलेला असतो आणि तो नकारार्थी मान हलवत असतो.

ज्यांच्यावर अजून ती वेळ आलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डिस्क म्हणजे जमीन आणि फाइल सिस्टिम म्हणजे तलाठ्याचं दप्तर. जमीन स्वतः काही बोलत नाही. कुठल्या गटात कुणाचं किती, बांध कुठून कुठवर, वहिवाट कुणाची, हे सगळं दप्तरात. तुम्ही फाइल पुसता तेव्हा जमीन नांगरली जात नाही, नुसती नाव कमी केल्याची नोंद होते. म्हणून तर पुसलेले फोटो नको त्या वेळी नको त्या माणसाला परत मिळतात. दप्तर जळालं तर जमीन जागच्या जागी असते, पण ती कुणाची हे परमेश्वराला ठाऊक, आणि डेटा रिकव्हरीच्या धंद्यातला परमेश्वर पैसे आगाऊ घेतो.

लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम गेली तीसेक वर्षं चांगलं दप्तर शोधते आहे. जगातले हुशार प्रोग्रामर त्या कामाला लागले, कोड लिहून झाला, चाचण्या झाल्या, प्रशस्तिपत्रकं मिळाली. अडलं ते कागदपत्रांवर आणि माणसांच्या स्वभावावर. हे वाचून मराठी वाचकाला परदेशातल्या एखाद्या गोष्टीबद्दल इतका जिव्हाळा पहिल्यांदाच वाटेल.

सुरुवात गरिबीतली होती. १९९१ साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स लिहायला घेतलं तेव्हा फाइल सिस्टिम त्याने मिनिक्सची उचलली. मिनिक्स ही प्राध्यापकाने विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लिहिलेली सिस्टिम. तिच्यात डिस्कची कमाल मर्यादा ६४ एमबी आणि फाइलच्या नावाला १४ अक्षरं. चौदा अक्षरांत फिनलंडमध्ये भागत असेल. आपल्याकडे ‘फायनल_नवीन_साहेबांचे_बदल_खरंच_फायनल’ यापेक्षा आखूड नावाची फाइल कचेरीत कुणी उघडतसुद्धा नाही. पुढच्याच वर्षी रेमी कार्ड या फ्रेंच माणसाने ‘एक्स्ट’ आणली, आणि १९९३ मध्ये तिच्यावर समाधान न मानता ‘एक्स्ट-टू’. ही दुसरी धाकटी बहीण वेगवान होती, सुटसुटीत होती, आणि तिची एकच अपेक्षा होती: वीज अचानक जाऊ नये.

ज्यांनी महाराष्ट्रात भारनियमनाच्या काळात लिनक्स वापरलं त्यांनी इथं क्षणभर थांबून हसून घ्यावं. वीज गेली की एक्स्ट-टूच्या हातातली नोंद अर्धवट राही. वीज आली की मशीन आधी सगळं दप्तर पहिल्या पानापासून तपासायला घेई. या तपासनिसाचं नाव एफएससीके. डिस्क जेवढी मोठी तेवढा तो जास्त वेळ बसे, आणि मधूनमधून अमुक क्रमांकाच्या नोंदीचा मेळ लागत नाही, दुरुस्त करू का, असं विचारी. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. ‘नाही’ म्हटल्यावर काय होतं हे सांगू शकणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, कारण तिसऱ्या प्रश्नापासून सगळेच डोळे मिटून ‘हो’ दाबत सुटतात. शेवटी ज्या तुकड्यांचे वारस सापडत नाहीत ते ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये नुसत्या क्रमांकाने मिळत. आपला प्रबंध आपल्याला ‘#४८२३१’ या नावाने परत मिळाल्यावर होणारा आनंद शब्दांत सांगणं कठीण. गंमत म्हणजे वीज गेली नाही तरी ठरावीक वेळा मशीन सुरू झालं की हा तपासनीस खबरदारी म्हणून येतच असे. तो दिवस पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक दाखवायचा असे.

यावर स्टीफन ट्वीडी यांनी उपाय काढला. आधी फेरफार वहीत लिहायचं की मी आता असा असा बदल करणार आहे, मगच मूळ दप्तराला हात लावायचा. वीज गेली तर नुसती वही वाचायची. या वहीला जर्नल म्हणतात, आणि जर्नल जोडलेली एक्स्ट-टू म्हणजे एक्स्ट-थ्री. २००१ मध्ये ती लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये आली. महसूल खात्यात ही पद्धत इंग्रजांच्या काळापासून आहे. संगणकवाल्यांना ती सुचायला जरा वेळ लागला एवढंच.

मग २००८ च्या डिसेंबरात आली एक्स्ट-फोर. तिचे प्रमुख थिओडोर त्सो हे प्रांजळ गृहस्थ. त्यांनी स्वतःच सांगून टाकलं की यात फार मोठं काही नाही, तंत्र जुनंच आहे, ही आपली मधल्या काळाची सोय. खरं भविष्य बीटीआरएफएस नावाच्या दुसऱ्याच फाइल सिस्टिमचं आहे. स्वतःच्या मालाबद्दल असं बोलणारा दुकानदार लक्ष्मी रोडवर एक दिवस टिकला नसता. त्यांचं हे वाक्य लक्षात ठेवा.

तात्पुरती म्हणून आली तरी एक्स्ट-फोरने येताच घोटाळा केला. वेग वाढावा म्हणून तिने नोंद लगेच न करता थोडी मागं ठेवायची सवय लावली. एक्स्ट-थ्री साधारण पाच सेकंदांत डिस्कवर लिहून मोकळी व्हायची. ही बाई अर्धा-एक मिनिट विचार करायची. तेवढ्यात मशीन बंद पडलं तर फाइलचं नाव शाबूत, आतला मजकूर शून्य बाइट. २००९ च्या आरंभी लोकांच्या डेस्कटॉपच्या सगळ्या सेटिंग्ज अशा रिकाम्या सापडू लागल्या. लोक चिडले. त्सो शांतपणे म्हणाले की पॉझिक्स या मानकाप्रमाणे यात काहीही चूक नाही. मजकूर खरोखर डिस्कवर जायला हवा असेल तर प्रोग्रामने ‘एफसिंक’ म्हणून तशी स्पष्ट मागणी करायला हवी. तुम्ही नुसतं ‘सेव्ह’ म्हणालात. ‘सेव्ह करून खरोखर ठेव’ असं कुठं म्हणालात?

इतकं शुद्ध सरकारी उत्तर मी मंत्रालयाबाहेर ऐकलेलं नाही. अर्ज केला होता, पण अर्जावर कार्यवाही व्हावी असा वेगळा अर्ज नव्हता. बरं, एफसिंक करावं तर एक्स्ट-थ्रीवर त्याने अख्खं मशीन घुटमळायचं, म्हणून प्रोग्रामरांनीच ते वर्षानुवर्षं टाळलेलं. वाद इतका रंगला की फाइल सिस्टिमवाल्यांपैकी एकाने थट्टेने ‘ओ-पोनीज’ नावाचा काल्पनिक पर्याय सुचवला: हा लावला की वेगही मिळेल, सुरक्षितताही मिळेल, आणि वर एक शिंगरू भेट मिळेल. थट्टा एकीकडे, पण त्सो यांनी कोडही बदलला, आणि नेहमीच्या पद्धतीने जुन्या फाइलच्या जागी नवी ठेवणाऱ्यांचा मजकूर न मागता लिहिला जाऊ लागला. तत्त्व सोडलं नाही, पण काम करून दिलं. याला अनुभवी अधिकारी म्हणतात.

इकडे हे चालू असताना तिकडे कॅलिफोर्नियात सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी २००१ सालीच कोरी पाटी घेतली होती. त्यांनी बनवलेली झेडएफएस २००५ मध्ये सोलारिस या सिस्टिममध्ये दाखल झाली. तिची मूळ कल्पना अशी की जुन्या पानावर खाडाखोड करायचीच नाही. बदल झाला की नवं पान लिहायचं आणि ते पुरं लिहून झाल्यावरच, आता हे खरं, असं म्हणायचं. मधे वीज गेली तर जुनं पान आहे तसंच खरं. त्यामुळे एफएससीके नावाचा तपासनीस कायमचा निवृत्त. जुनी पानं मोडायची नसल्यामुळे कालच्या दुपारी दप्तर कसं होतं याची छबी क्षणात मिळते. तिला स्नॅपशॉट म्हणतात. प्रत्येक तुकड्याची पडताळणी-बेरीज वेगळी लिहून ठेवलेली, आणि वाचताना दर वेळी ताळा. डिस्कने चुपचाप एखादा बिट उलटा केला तर झेडएफएस तो पकडते, आणि दुसरी प्रत असेल तर तिच्यावरून दुरुस्तही करते.

मोठेपणाचं म्हणाल तर तिची रचना १२८ बिटांची. एवढी जागा पुरेल का, या प्रश्नावर बॉनविक यांनी भौतिकशास्त्राच्या आधारे हिशोब मांडला: १२८ बिटांचा साठा पूर्ण भरायचा तर जेवढी किमान ऊर्जा लागेल तिच्यात पृथ्वीवरचे महासागर उकळून निघतील. याला अतिशयोक्ती म्हणायची सोय नाही, कारण गणित बरोबर आहे. मात्र व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येणाऱ्या सुप्रभाताच्या चित्रांची त्यांना २००४ साली कल्पना नव्हती.

झेडएफएस वापरणारा माणूस हळूहळू तिचा भक्त होतो. आमचे एक स्नेही आहेत. त्यांच्या पोटमाळ्यावर चार डिस्कांचा एक डबा अहोरात्र घरघरत असतो. महिन्यातून एकदा ते ‘स्क्रब’ लावतात, म्हणजे साठवलेला प्रत्येक तुकडा वाचून त्याचा ताळा घेतला जातो, आणि शून्य चुका असा निकाल आला की त्यांचा चेहरा नातू पहिला आल्यासारखा फुलतो. मी गेलो की विचारतात, “तुमच्या एक्स्ट-फोरला बिट उलटलेला कळतो का हो?” मी नाही म्हणतो. “मग तुम्हाला रात्री झोप कशी लागते?” त्या डब्यात त्यांच्या लग्नाचे स्कॅन केलेले फोटो आहेत, दोन डिस्का एकदम गेल्या तरी टिकतील अशा बेताने ठेवलेले. वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, “ते सगळं खरं भाऊजी, पण एकदा उघडून दाखवा म्हणावं यांना. अल्बम होता तेव्हा निदान वर्षातून एकदा बघायचो तरी.” स्नेह्यांनी ते ऐकलं नाही. ते रॅम वाढवण्याच्या विचारात होते, कारण झेडएफएसला मेमरी आवडते; लिनक्सवर तर बरीच वर्षं निम्म्या मेमरीपर्यंत हात मारायची तिला मुभाच होती.

आता कागदपत्रं. सनने हा कोड २००५ मध्ये खुला केला, तो सीडीडीएल नावाच्या परवान्याखाली. लिनक्स आहे जीपीएल परवान्याखाली. दोन्ही परवाने उदार. दोन्ही म्हणतात घ्या, वाचा, बदला, वाटा. फक्त जीपीएल म्हणतो की माझ्याशी जोडून जे वाटाल ते सगळं माझ्याच अटींवर वाटा. सीडीडीएल म्हणतो की माझ्या फाइली कुठेही न्या, पण त्या माझ्याच अटींवर राहतील. दोन दानशूर समोरासमोर उभे, आणि मधला याचक उपाशी. हे सनने मुद्दाम केलं का? त्या वेळी सनमध्येच असलेल्या मंडळींनी याची परस्परविरोधी उत्तरं दिली आहेत, आणि ती दोन्ही ठामपणे.

ज्यांच्या परवान्याला अशा अटी नाहीत त्यांचं काम चुटकीसरशी झालं. फ्रीबीएसडी ही लिनक्सची चुलत घराण्यातली खुली सिस्टिम. तिच्या परवान्याचं म्हणणं साधारण एवढंच, की आमचं नाव ठेवा, आणि मोडलं तर आमच्याकडे येऊ नका. पोलंडच्या पावेल दाविदेक याने २००६ मध्ये सुमारे दहा दिवसांत झेडएफएसचा पहिला चालता नमुना तिथं उभा केला, आणि २००७ च्या एप्रिलमध्ये तो मूळ कोडात आलासुद्धा. दहा दिवस! पुढं लिनक्समध्ये याच कामाला किती वर्षं गेली हे पाहिलं की वकील लोकांची फी का जास्त असते ते समजतं.

ॲपलचंही जवळपास ठरलं होतं. जून २००७ मध्ये सनचे प्रमुख जोनाथन श्वार्ट्झ यांनी उत्साहाच्या भरात जाहीर करून टाकलं की मॅकच्या पुढच्या आवृत्तीत झेडएफएस येणार. ज्यांच्या घरची बातमी त्यांनी अजून तोंड उघडलेलं नव्हतं. काही दिवसांनी ॲपलच्या समारंभात झेडएफएसचं नावही निघालं नाही. त्या मॅकमध्ये शेवटी ती आली ती फक्त वाचण्यापुरती, लिहायची बंदी. आणि २००९ मध्ये तेही प्रकरण मिटवलं. बातमी आधी फोडल्याने ठरलेलं मोडतं हे आपल्याकडच्या आत्याबाईंनी कुणालाही सांगितलं असतं.

लिनक्सवाल्यांनी आधी मागच्या दाराने प्रयत्न केला. २००६ मध्ये गूगलच्या उन्हाळी योजनेत एका विद्यार्थ्याने झेडएफएस कर्नलच्या बाहेर, साध्या प्रोग्रामसारखी चालवून दाखवली. कर्नलशी जोड नाही, म्हणजे परवान्याचा प्रश्न नाही. आणि वेगही नाही.

गंभीरपणे हात घातला तो अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर या राष्ट्रीय प्रयोगशाळेने. ही प्रयोगशाळा अण्वस्त्रांची. त्यांना महासंगणकासाठी भलंमोठं कोठार हवं होतं. ब्रायन बेलेनडॉर्फ यांनी (ॲपाची सर्व्हरवाले ब्रायन बेलेनडॉर्फ वेगळे, नामसाम्याने गोंधळू नये) २००८ मध्ये काम सुरू केलं. त्यांची युक्ती मला अतिशय आवडते. झेडएफएसचा कोड सोलारिसच्या चालीरीतींना सरावलेला. तो बदलत बसण्याऐवजी त्यांनी मधे एक पातळ थर घातला. झेडएफएसने सोलारिसच्या भाषेत काही मागितलं की हा थर ते लिनक्सकडून आणून सोलारिसच्या वेष्टनात देतो. म्हणजे आपण परक्या घरी आलो आहोत याचा झेडएफएसला पत्ताच लागू द्यायचा नाही. बिचारी अजून सोलारिसच्या वैभवात नांदतेय अशा समजुतीत असते, आणि बाहेर मात्र लिनक्स.

पण प्रयोगशाळेला नेहमीसारखे फोल्डर आणि फाइली नको होत्या. त्यांच्या कोठाराला खालचा थर पुरत होता, म्हणून वरचा भाग त्यांनी केलाच नव्हता. तुमच्याआमच्या दृष्टीने दप्तर आलं, पण उघडायला दरवाजा नाही. तो दरवाजा बसवायचं काम २०१० मध्ये अंगावर घेतलं पुण्याच्या केक्यू इन्फोटेक या छोट्या कंपनीने. लिव्हरमोरच्या कोडावर उरलेला थर चढवून त्यांनी लिनक्सच्या कर्नलमध्ये चालणारी, साध्या माणसाला जोडून वापरता येईल अशी झेडएफएस लोकांच्या हातात दिली. जगभरच्या उत्साही मंडळींनी ती उतरवून घेतली. कंपनी पुढं परदेशी कंपनीने विकत घेतली, लिव्हरमोरने आपला वरचा थर स्वतः लिहिला, आणि २०१३ मध्ये ‘आता बिनधास्त वापरा’ अशी आवृत्ती आली. पुण्यात मात्र या पराक्रमाची पाटी कुठं लागलेली नाही. पुण्यात पाटी नाही म्हणजे बघा.

परवान्याची मेख अशी की अट वाटण्यावर आहे, वापरण्यावर नाही. म्हणून लिनक्स एका पिशवीतून द्यायचं, झेडएफएस दुसऱ्या पिशवीतून, आणि दोन्ही जोडायचं काम वापरणाऱ्याच्या मशीनने घरच्या घरी, दारं लावून करायचं. कर्नल बदललं की हा विधी पुन्हा. कधी तरी शुक्रवारी संध्याकाळी कर्नल पुढची आवृत्ती गाठतं, झेडएफएस मागं राहते, आणि मशीन चालू केल्यावर साठाच दिसत नाही. डेटा सुखरूप असतो, नुसता दिसत नाही. हा फरक सर्व्हर सांभाळणाऱ्याला कळतो. साहेबांना समजावता येत नाही.

२०१६ मध्ये उबुंटू नावाचं लिनक्स देणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने ही लपवाछपवी सोडली आणि तयार जोडलेली झेडएफएस उघडपणे द्यायला सुरुवात केली. आमच्या वकिलांनी बघितलंय, असं त्यांचं म्हणणं. सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी या संस्थेने जाहीर केलं की हा जीपीएलचा भंग आहे. नावात ‘सॉफ्टवेअर’ आणि ‘फ्रीडम’ असलेल्या दुसऱ्या एका वकिली संस्थेने वेगळा सूर लावला. दोन्हीकडे कायदेपंडित, दोन्हीकडे दीर्घ विवेचन, आणि कोर्टात कुणीच गेलं नाही. आपल्याकडे बांधाच्या चार बोटांवरून तीन पिढ्या कोर्टात जातात. तिथं अख्खी फाइल सिस्टिम तशीच मोकळी फिरते आहे.

कर्नलवाल्यांनी आपली नाराजी मात्र हातची राखली नाही. २०१९ मध्ये कर्नलने एक जुनी अंतर्गत सोय बाहेरच्यांना बंद केली, आणि झेडएफएसची वेगाने बेरजा करायची क्षमता खुंटली. तक्रारीवर वरिष्ठ विकासक ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी सांगितलं की झेडएफएसबद्दल माझ्याकडे सहनशीलता जवळपास नाही. सनलाच आपला कोड लिनक्सवर चालू द्यायचा नव्हता, तर आम्ही कशाला जास्तीचं काम करू? झेडएफएसवाल्यांनी मग ती सोय स्वतःपुरती घरी बनवली.

आणि जानेवारी २०२० मध्ये खुद्द टोरवाल्ड्स बोलले. ऑरेकलच्या मुख्य विधी सल्लागाराच्या, आणि शक्यतो संस्थापक लॅरी एलिसन यांच्याच सहीचं, हो, हे जीपीएलखाली आहे, असं पत्र आल्याशिवाय झेडएफएस लिनक्समध्ये घेणं नाही. मधे ऑरेकल आली कुठून? तर जानेवारी २०१० मध्ये ऑरेकलने सन विकत घेतली होती, आणि त्याच वर्षी जावा या प्रोग्रामिंग भाषेवरून गूगलला कोर्टात खेचलं होतं. कुणाच्या शेतातून जाताना लेखी परवानगी घ्यावी हे टोरवाल्ड्स यांना बरोबर कळतं. जगातल्या अतिश्रीमंतांपैकी एकाची एक सही, बाकी फाइल तयार. ‘फक्त सही बाकी आहे’ हे वाक्य ऐकून ज्यांचे जोडे झिजले आहेत त्यांना पुढचं सांगायला नको.

या गोष्टीतला सगळ्यात देखणा योगायोग अजून राहिला. झेडएफएस मिळत नाही म्हणून लिनक्ससाठी त्याच धर्तीची घरची फाइल सिस्टिम लिहायला २००७ मध्ये क्रिस मेसन यांनी सुरुवात केली. तीच बीटीआरएफएस, जिला त्सो यांनी भविष्य म्हटलं होतं. मेसन तेव्हा नोकरीला कुठं होते? ऑरेकलमध्ये. म्हणजे २०१० नंतर हवी असलेली फाइल सिस्टिम आणि ती न मिळाल्याच्या दुःखातून जन्मलेली फाइल सिस्टिम, दोन्हींचा पगार एकाच खात्यातून. मालकाने ओपनसोलारिस या सोलारिसच्या खुल्या आवृत्तीचा दरवाजा ऑगस्ट २०१० मध्ये लावून घेतला. पण एकदा खुला केलेला कोड परत घेता येत नाही, म्हणून बाहेर पडलेल्या मंडळींनी तो घेऊन आपला संसार थाटला.

बीटीआरएफएस २००९ मध्ये कर्नलमध्ये आली, कागदपत्रं चोख. तिच्यात स्नॅपशॉट आहेत, ताळा आहे, सगळं आहे. फक्त काही वर्षं ती, डिस्कवर जागा दिसत असताना, जागा शिल्लक नाही असं म्हणायची, आणि अनेक डिस्कांवर माल विभागून ठेवायच्या रेड-५ व रेड-६ या पद्धती तिच्यात आहेत खऱ्या, पण महत्त्वाच्या मालासाठी वापरू नका असं तिचीच मार्गदर्शिका अजूनही बजावते. लिनक्स विकणाऱ्या सुसे कंपनीने २०१४ मध्ये ती डोक्यावर घेतली. त्याच धंद्यातल्या रेड हॅटने २०१७ मध्ये तिला रामराम ठोकला. आणि रेड हॅटच्याच आधाराने चालणाऱ्या फेडोरा या लिनक्सने २०२० मध्ये तिला पट्टराणी केलं. एकाच वाड्यात खाली हकालपट्टी आणि वर वरात.

तिसरी गोष्ट स्वभावाची, आणि ती लवकर संपते. केंट ओव्हरस्ट्रीट यांनी २०१५ मध्ये बीकॅशएफएस जाहीर केली. परवाना जीपीएल, म्हणजे सहीचा प्रश्न नाही. तुमचा डेटा न खाणारी फाइल सिस्टिम, असं तिचं ब्रीद. हे ब्रीद ऐकून बीटीआरएफएसवाल्यांना उगाच ठसका लागतो. २०२४ च्या जानेवारीत ती कर्नलमध्ये आली. नंतर ठरलेल्या मुदतीनंतरही नवे बदल पाठवण्यावरून टोरवाल्ड्स आणि ओव्हरस्ट्रीट यांची जुंपली, ती दर आवृत्तीला. माझ्या वापरकर्त्यांचा डेटा वाचवायचाय, असं एकाचं म्हणणं; नियम सगळ्यांना सारखे, असं दुसऱ्याचं. माझं मत विचाराल तर दोघेही बरोबर होते, आणि असल्या भांडणांना अंत नसतो तो त्यामुळेच. २०२५ मध्ये बीकॅशएफएस कर्नलमधून काढली गेली. आता तीही दुसऱ्या पिशवीतून मिळते आणि घरी जोडून घ्यावी लागते. कागद नसलेली झेडएफएस आणि कागद असलेली बीकॅशएफएस, दोघी उंबऱ्याबाहेर एकाच पायरीवर बसलेल्या आहेत.

दरम्यान ज्या फ्रीबीएसडीने झेडएफएस दहा दिवसांत उभी केली होती तिने २०१८ मध्ये ठरवलं की यापुढं लिनक्सवाल्यांच्या झेडएफएसचाच कोड आधार म्हणून घ्यायचा, कारण सगळ्यात जास्त काम तिथंच होतंय. ज्या घरात प्रवेश नाही तिथंच तिची उत्तम देखभाल होते आहे. २०२० च्या अखेरीला दोघांचा कोड एक झाला.

एलिसन यांचं पत्र आलेलं नाही. त्सो यांनी मधल्या काळाची सोय म्हटलेली एक्स्ट-फोर आता वयात आली आहे, आणि डेबियन व उबुंटूचे इन्स्टॉलर, तुम्ही वेगळं काही सांगितलं नाहीत तर, आजही तीच टाकतात.